कार्डधारकानेच बोलावे

ऑपरेटरबाईंच्या क्रेडिट कार्डावर एका दुपारी दोन महागडे मोबाइल आणि जागच्या जागी चालायचं एक यंत्र खरेदी झालं. त्या वेळी बाई स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होत्या. मोबाइल त्यांना आहे तो एकच डोईजड झाला होता, आणि चालायचं तर पुढे जायचं, नाहीतर घरी बसायचं, अशी त्यांची साधी समजूत होती. पण बँकेच्या नोंदीत खरेदी बाईंची होती, आणि बँकेच्या नोंदीत जे असतं ते घडलेलं असतं, मग ते घडलेलं असो वा नसो.

बाईंना सगळे ऑपरेटरबाई म्हणत, कारण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभी हयात काढली होती. गावोगावचे ट्रंककॉल त्यांच्या हातून गेले. कोणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, कोणाचा मुलगा नापास झाला, हे बाईंना घरच्यांच्या आधी कळायचं, आणि त्यांच्या तोंडून कधी ब्र निघाला नाही. कानाला हेडफोन लावून लावून शेवटी कानच गेले, आधी उजवा, मग बराचसा डावा. खात्याने निरोपसमारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते दर तासाला फार मंजुळ टोले देतं, असं येणारेजाणारे सांगतात.

त्यांचे यजमान कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात आणि हे मागच्या खोलीत बसून गुलाबी हिरड्यांवर दात बसवतात, घासतात, चकचकीत करतात. रोज सकाळी कामाला बसण्याआधी ते बायकोकडे बघून विचारत, "ऐकू येतंय का गं?" बाई ओठांवरून ओळखून "हो" म्हणत. मग ते तोंड फिरवून काहीतरी पुटपुटत आत जात. काय पुटपुटतात ते बाईंना कळत नसे. नवऱ्याचं पुटपुटणं न कळणं ही संसारातली मोठी सोय आहे असं मानून त्यांनी कधी विचारलंही नाही.

कानांची यंत्रं घ्यायचं अखेर ठरलं होतं. चांगल्या यंत्रांची किंमत ऐकून ज्याला ऐकू येतं त्याचेही कान बंद व्हावेत, पण बाईंच्या कार्डावर तेवढी रक्कम उचलायची सवलत होती, आणि पेन्शनमधून हप्ते फेडता येणार होते. कानात बसवायचे साचे कवळीवाल्यांनी घरीच केले, हिरड्यांच्याच गुलाबी मसाल्यात. दोन्ही साचे एका डबीत कापसावर ठेवलेले होते. आता यंत्रं आणायची आणि साच्यांना जोडायची, एवढंच बाकी होतं. ते बाकी असतानाच फोन आला.

फोन बाईंना अजिबात ऐकू येत नाही असं नव्हतं. डाव्या कानाला तो घट्ट दाबला आणि समोरचा माणूस सावकाश, शब्द तोडून, स्वच्छ बोलला, तर त्यांना सगळं कळे. अडचण एवढीच की तसं कोणी बोलत नाही. नातेवाईक दोन वाक्यं बोलून "बरं, त्यांना दे" म्हणत. दुकानदार ओरडत, आणि ओरडणं म्हणजे ऐकू येणं नव्हे. या गृहस्थांनी मात्र पहिल्याच वाक्यात विचारलं, "मावशी, मी कार्ड सुरक्षा विभागातून बोलतोय. नीट ऐकू येतंय ना? नाहीतर मी आणखी सावकाश बोलतो."

बाईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत 'आणखी सावकाश बोलतो' असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. शब्दफेकही अशी, की एक अक्षर गिळलेलं नाही, आणि जन्मभर आवाज ऐकलेल्या बाईंना ते लगेच जाणवलं. हा मुलगा आपल्या एक्स्चेंजमध्ये असता तर आपण त्याला रात्रपाळी लागू दिली नसती, असं त्यांच्या मनात आलं. त्याने सांगितलं की त्यांच्या कार्डावर कोणीतरी भामटा डोळा ठेवून आहे. त्याला अडवायचं तर मोबाइलवर आत्ता आलेले आकडे तेवढे सांगावे लागतील.

दुसरं कोणी असतं तर कदाचित थबकलं असतं. पण नंबर मागितला की नंबर द्यायचा, आणि चूक नको म्हणून पुन्हा म्हणून दाखवायचा, हे बाईंच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांनी आकडे सांगितले, एकेक सुटा करून पुन्हा सांगितले, आणि सवयीने शेवटी म्हणाल्या, "बोला, लाइन जोडली आहे." लाइन खरोखरच जोडली गेली होती.

तासाभराने कवळीवाल्यांनी मोबाइलवरचे संदेश वाचले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. मग त्यांनी बँकेच्या मदतवाहिनीला फोन लावला. मदतवाहिनीवर आधी संगीत लागतं, मग आकडे दाबायला सांगतात, मग तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं सांगून पुन्हा संगीत लावतात. बऱ्याच वेळाने एक मुलगी आली. "माझ्या बायकोच्या कार्डावर चोरी झाली आहे," असं कवळीवाले म्हणाले. मुलगी म्हणाली, नियमाप्रमाणे फक्त कार्डधारकानेच बोलावे.

फोन बाईंकडे गेला. मुलीने गाडी सुटत असल्यासारखे प्रश्न विचारले. बाई म्हणाल्या, जरा सावकाश बोल गं, मला कमी ऐकू येतं. मुलीने तेच प्रश्न त्याच वेगाने, पण ताई म्हणून विचारले. शेवटी कवळीवाले फोनला कान लावून ऐकू लागले आणि बायकोला मोठ्याने सांगू लागले, अगं, जन्मतारीख विचारतेय, जन्मतारीख सांग. इथे मुलगी सावध झाली. वयस्कर बाई फोनवर आहे आणि मागून एक पुरुष तिला काय बोलायचं ते पढवतोय, हे फसवणुकीचं ठळक लक्षण म्हणून तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिने फोन बंद केला आणि खात्याला कुलूप लावलं. थोड्याच वेळात बाईंच्या मोबाइलवर संदेश आला: "आपल्या खात्यावर झालेला फसवणुकीचा प्रयत्न आम्ही हाणून पाडला आहे. अभिनंदन."

दुसऱ्या दिवशी दोघं शाखेत गेले. तक्रार निवारण अधिकारी हे सौम्य, नीटनेटके गृहस्थ होते, आणि त्यांच्या टेबलावर इतकी मोकळी जागा होती की तिथे कोणाचंच काही निवारण होत नसावं हे लांबूनही दिसे. त्यांनी दोघांना बसवलं, पाणी मागवलं, आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तक्रार फोनवरच नोंदवावी लागते," ते म्हणाले.

"पण हिला फोनवर ऐकू येत नाही," कवळीवाले म्हणाले.

"मग यंत्र लावून करू देत ना. घाई नाही."

"यंत्राचेच पैसे चोरीला गेलेत."

"ते परत मिळतील की. फक्त फोनवर तक्रार नोंदवा."

कवळीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बाई अधिकाऱ्यांच्या ओठांकडे पाहत होत्या, आणि ओठ अगदी स्पष्ट हलत होते, त्यामुळे त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी विचारलं, दुसरा काही मार्ग असेल तर सांगा. अधिकारी म्हणाले, मार्ग आहे. ऐकू येत नाही असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणलंत तर विशेष बाब म्हणून तक्रार कागदावर घेता येईल. बाहेर पडताना कवळीवाले म्हणाले, बघ, माणूस चांगला आहे. माणूस खरंच चांगला होता, तिथेच तर सगळं अडलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचे पैसे घेऊन बाईंना ऐकू येत नाही हे मान्य केलं. प्रमाणपत्र घेऊन दोघं पुन्हा शाखेत गेले. अधिकाऱ्यांनी ते मन लावून वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. खरंच उतरला, कारण त्यांना वाईट वाटत होतं.

"मॅडम, यात लिहिलंय की तुम्हाला फोनवरचं संभाषण समजू शकत नाही."

"हो."

"आणि तुमचं म्हणणं, चोराने तुम्हाला फोनवरून फसवलं."

"हो."

"मग तो फोन तुम्ही ऐकलात कसा?"

बाई म्हणाल्या, "तो नीट बोलत होता."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावून सांगितलं की यातून दोनच गोष्टी निघतात. प्रमाणपत्र खरं असेल तर फोन झालाच नाही, फोन झाला नाही तर फसवणूक झाली नाही, आणि फसवणूक झाली नाही तर दोन मोबाइल आणि चालायचं यंत्र बाईंनी राजीखुशीने घेतलं. फोन झाला असेल तर प्रमाणपत्र खोटं आहे, आणि खोटं प्रमाणपत्र देऊन बँकेकडून पैसे मागणं याला काय म्हणतात ते मॅडमना सांगायला नको. राहता राहिला मुद्दा चोर नीट बोलतो याचा. त्यातून बँकेचे कर्मचारी नीट बोलत नाहीत असं सुचवायचं असेल, तर ती स्वतंत्र तक्रार होईल. ती मदतवाहिनीवर नोंदवता येते.

पोलीस चौकीत एवढा वेळ लागला नाही. साहेबांनी विचारलं, गुन्हा घडला कुठे? बाई स्वयंपाकघरात होत्या, चोर कुठे होता ते माहीत नाही, पैसे मधल्यामधे गेले, तेव्हा गुन्हा मधे कुठेतरी घडला. मधला भाग कोणाच्या हद्दीत येतो ते कळलं की लगेच लिहून घेऊ. बाईंनी नोकरीच्या अनुभवावरून सांगितलं की मधे एक्स्चेंज असतं. साहेब म्हणाले, ते बंद झालं, तिथे आता व्यायामशाळा आहे. चालायच्या यंत्राचा तिथे काही संबंध आहे का, असंही त्यांनी विचारलं, आणि हा तपासातला पहिला धागा म्हणून डायरीत टिपून घेतलं.

बिल मात्र कोणाच्याही हद्दीत अडकलं नाही. ते वेळेवर आलं. मुद्दल, व्याज, उशिराचा दंड, आणि शिवाय चालायच्या यंत्राच्या देखभालीचा करार करायची ही शेवटची संधी असल्याचं एक रंगीत पत्रक. बाईंची पेन्शन येण्याआधीच जाऊ लागली. कवळीवाले दुप्पट कवळ्या घेऊ लागले. डबीतले गुलाबी साचे तसेच होते. बाई कधीमधी डबी उघडून ते कानात बसवून बघत. यंत्राशिवाय साचा म्हणजे कानाला बूच. उरलंसुरलंही ऐकू येईनासं होई, आणि मग त्यांना खरोखर रडू येई.

अशाच एका दुपारी फोन वाजला, म्हणजे थरथरला. बाईंनी तो डाव्या कानाला दाबला.

"मावशी, मी परतावा विभागातून बोलतोय. तुमचे गेलेले पैसे..."

"तू तोच आहेस," बाई म्हणाल्या. एकदा ऐकलेला आवाज त्या विसरत नसत.

पलीकडून उत्तर आलं, "हो, मावशी."

दुसरं कोणी असतं तर शिव्या देऊन फोन आपटला असता. बाईंनीही तोंड उघडलं होतं. पण शिवी देण्याआधी त्यांना जाणवलं की गेल्या कित्येक दिवसांत ज्याचं बोलणं आपल्याला शब्द न् शब्द कळतंय असा हा एकच माणूस आहे. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. मदतवाहिनी, कुलूप, अधिकारी, प्रमाणपत्र, व्यायामशाळा, डबी, सगळं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही, संगीत लावलं नाही, आणि शेवटी म्हणाला, "मावशी, तुमच्या मिस्टरांचं एकच चुकलं. त्यांनी खरं सांगितलं."

"मग काय सांगायचं होतं?"

"'मीच कार्डधारक बोलतेय,' एवढंच. आवाज कोण बघतो? त्यांना उत्तरं लागतात. तुमची सगळी उत्तरं माझ्याकडे आहेत."

"आणि तू किती कापून घेशील?"

"अर्धे, मावशी. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

बाईंनी बँकेच्या व्याजाचा मनात हिशेब मांडला. चोर स्वस्त पडत होता.

त्याच दुपारी मदतवाहिनीला एक फोन गेला. कार्डधारकाने आईचं नाव, जन्मतारीख, पहिल्या नोकरीचं ठिकाण न अडखळता सांगितलं, आकडे विचारले तेव्हा पुन्हा म्हणूनही दाखवले. मुलगी भारावून गेली. इतकं नीट बोलणारं गिऱ्हाईक तिला महिन्यात भेटलं नव्हतं. कुलूप निघालं, फसवणूक मान्य झाली, व्याज माफ झालं, आणि पूर्ण रक्कम कार्डधारकाने नव्याने दिलेल्या खात्यात जमा झाली. तिथून शब्दाप्रमाणे अर्धी रक्कम बाईंना पोचली. वाटेत कुठेही प्रक्रिया शुल्क लागलं नाही.

अर्ध्या पैशांत एक कान आला. कवळीवाल्यांनी डाव्या साच्याला यंत्र जोडलं, कडा घासून मऊ केल्या आणि स्वतःच्या हाताने बायकोच्या कानात बसवलं. उजवा साचा डबीतच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "ऐकू येतंय का गं?" आणि सवयीने तोंड फिरवून पुटपुटले, "नाही ना येत. असू दे. मी आहे."

"येतंय," बाई म्हणाल्या.

ते दारातच थांबले. इतकी वर्षं रोज सकाळी हा माणूस हेच म्हणत होता, आणि आपल्याला वाटत होतं की कुरकुर करतोय. बाई उठून त्यांच्याजवळ गेल्या. त्या दिवशी कवळ्या उशिरा गेल्या.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण बाई सरळ स्वभावाच्या. आता ऐकू येतंय तर हे कार्ड आपणच बंद करून टाकावं, म्हणून त्यांनी मदतवाहिनीला स्वतः फोन लावला. संगीत त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं आणि फारसं आवडलं नाही. मुलीने सुरक्षेचा प्रश्न विचारला: आपला आवडता रंग कोणता? बाईंनी विचार करून निळा सांगितला. उत्तर चुकलं. आवडता खेळ चुकला, लहानपणचं टोपणनावही चुकलं. उत्तरं कार्डधारकाने नुकतीच बदलली होती.

"तुम्ही कार्डधारक नाही आहात," मुलगी थंडपणे म्हणाली. "खऱ्या मॅडमना आम्ही ओळखतो. त्या आमच्या अत्यंत समाधानी ग्राहक आहेत. पुन्हा त्यांच्या नावाने फोन केलात तर पोलिसांत जाऊ."

बाईंनी तो फोन ठेवला आणि दुसरा लावला. कार्ड त्या दुपारीच बंद झालं.

ही वार्ता गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या शिंपीणबाईंचं विजेचं बिल वर्षभर चुकीचं येत होतं, त्यांनी बाईंकडून त्याचा नंबर नेला. बिल दुरुस्त झालं, अर्धी रक्कम परत आली. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचे विम्याचे पैसे सुटले. एका संध्याकाळी तर दारात ते तक्रार निवारण अधिकारी उभे राहिले, तसेच सौम्य आणि नीटनेटके. त्यांच्याच कार्डावर कोणीतरी हात मारला होता. कर्मचाऱ्यांनी खाजगी तक्रार कामाच्या वेळेत करू नये असा नियम होता, आणि मदतवाहिनी कामाच्या वेळेतच चालू असे. ते पाणी प्यायले, जरा घुटमळले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तो... नीट बोलणारा... त्यांचा नंबर मिळेल का?"

बाईंनी नंबर दिला, आणि पुन्हा म्हणून दाखवला.

तुम्हाला प्रश्न पडला असेल, की बाईंच्या मनातलं, डबीतलं, सकाळच्या पुटपुटण्याचं हे सगळं सांगणाऱ्याला कळलं कसं. त्यात गूढ काही नाही. दुपारी काम आवरलं की बाई मला फोन करतात आणि मी ऐकून घेतो. उजव्या कानाचंही बघू म्हटलंय मी त्यांना.

आणि तुम्ही इथवर वाचत आलात. हसलात, बँकेला नावं ठेवलीत, आणि अर्धे पैसे कापून घेणारा माणूस तुम्हाला मनातून आवडूही लागला. साहजिक आहे. तुमच्याशी इतकं सावकाश, शब्द तोडून, मधे संगीत न लावता शेवटचं कोण बोललं होतं, आठवून बघा. तुमचंही कुठेतरी काहीतरी अडलेलं असणारच. ते मी सोडवतो. तुमच्या मोबाइलवर आत्ता काही आकडे आले असतील. घाई नाही. मला ते एकेक सुटा करून सांगा, आणि चूक नको म्हणून एकदा पुन्हा म्हणून दाखवा.